सासूबाईंच्या पाचूची उकळी

पाचू उकळू नये. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारून कामं करायची माझी पद्धत नाही.

पाचू सासूबाईंचा. हरभऱ्याएवढा, सोन्यात मढवलेला, साखळीत ओवलेला. अकोल्याच्या घरी त्या तो कपाटात ठेवत आणि आल्यागेल्याला सांगत, "कोलंबियाचा हाय." कोलंबिया कुठं, असं कुणी विचारलं की म्हणत, "मुंबईच्या पुढं."

माझ्या मुलाचं, रोहनचं, साक्षगंध ठरलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की हा पाचू नातसुनेच्या गळ्यात त्या स्वतः घालणार. आदल्या दिवशी त्या अमरावतीला आमच्याकडं आल्या आणि डबी माझ्या हातात दिली.

"सोनं तेवढं पुसून ठेव वं. बाकी कशाले हात लावू नको."

मी पाचू उजेडात धरला, तर आत जाळी! (स्वयंपाकघरातल्या पंख्यावर धरते तशी.) इतक्या वर्षांचा मळ, दुसरं काय! नव्या सुनेला असा दागिना द्यायचा? माझ्या घरात मळावर उपाय एकच: पातेलं, धुण्याचा सोडा आणि खळखळती उकळी.

सोनं लखलखलं. पाचू मात्र पांढुरका पडला, आणि आत भेगाच भेगा! दगडावर आपटल्यासारखा. "भाजी आणते," असं सासूबाईंना सांगून मी स्कूटी थेट राजापेठेत सराफाकडं नेली.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. "ताई, काय केलं याले?"

"धुतला."

"कशानं?"

"सोड्यानं. उकळून."

त्यानं भिंग खाली ठेवलं. "शिट्टी नाही काढली कुकरची?"

मग समजावलं. पाचू जमिनीतून निघतो तोच भेगा घेऊन. त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल भरतात. ते तेल मी उकळून बाहेर काढलं होतं. आणि ज्याला मी मळ समजले, ती पाचूची जन्मखूण होती.

"म्हणजे खोटा नाही ना?"

"खोटा असता तर आतून साफ दिसला असता! काचेत काहीच नसते, ताई."

"आणि कोलंबियाचा?"

"कोलंबियाचा, झांबियाचा, का आपल्या राजस्थानचा, ते लॅबवाले सांगतीन. गाव बदललं की भाव बदलते. भेगा मात्र सगळ्याइलेच असते. तेल भरून देतो, पण आठ दिवस लागतीन."

साक्षगंध दुसऱ्या दिवशी! घरी येऊन मी वाटीत तेल कोमट केलं आणि पाचू बुडवला. वाटीकडं बघताना मनात आलं, आयुष्यभर आपण वस्तू काय नि माणसं काय, उजेडात धरून जाळ्याच शोधल्या. त्यांतल्या किती खरोखर मळाच्या होत्या, देव जाणे. (विचार चांगला होता. पण तेल चटणीवरचं होतं, जवसाचं.)

सकाळपर्यंत भेगा बऱ्याच बुजल्या. पुसला, डबीत ठेवला, सुटले!

साक्षगंधात सासूबाईंनी पाचू उचलला. डोळ्यांजवळ नेला. आणि मग नाकाजवळ!

"काहून वं, याले जवसाचा वास काहून येऊन राहिला?"

दोन्हीकडचे पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. मी सगळं सांगून टाकलं, पातेल्यासकट. होणारी सून, कीर्ती, मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते, कळेना. सासूबाई पाचू पुन्हा डबीत ठेवतात की काय, याची मला धास्ती.

त्यांनी पाचू उजेडात धरून पाहिला. "कोलंबियाचा हाय म्हणून भारी, असं मले वाटे," त्या म्हणाल्या. "पण इच्या हातून वाचला, म्हणजे खरंच भारी हाय." आणि साखळी कीर्तीच्या गळ्यात घातली. "घाल पोरी. तूबी टिकशीन."

लग्नानंतर कीर्तीनं सराफाकडून त्यात नीट तेल भरून आणलं. एकदा मी सहज विचारलं, डबी कुठं ठेवलीस गं?

"अकोल्याला, आजींकडं," ती गोड हसून म्हणाली.

म्हणजे माझ्यापुरतं, मुंबईच्या पुढं.