कमलची पार्टी

१९७८ च्या मार्च महिन्यात, एका बुधवारी संध्याकाळी, पिंपरीहून चिंचवडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या एका परमिट रूमच्या हॉलमध्ये औषध कारखान्यातल्या सहा स्त्रिया येऊन बसल्या. त्यांना आतल्या फॅमिली रूममध्ये जाण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला.

ऊन तेव्हा नुकते उतरले होते. रस्त्याकडेच्या कडुनिंबांना मोहोर आला होता आणि त्याचा मंद, मधुर गंध कारखान्याच्या टाक्यांतून येणाऱ्या आंबूस वासात असा मिसळला होता की एकाचा शेवट कुठे आणि दुसऱ्याचा आरंभ कुठे हे सांगता येऊ नये. नव्या माणसाला त्या वासाने मळमळते. जुना माणूस त्यावरून वाऱ्याची दिशा ओळखतो. पश्चिमेला पवनेच्या पात्रावर तांबूस उजेड रेंगाळत होता, आणि रस्त्यावरून सायकलींचा प्रवाह अखंड वाहत होता, घंटांचा एकच लांबलचक नाद मागे ठेवीत.

बुधवार सांगण्याला कारण आहे. इथल्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे इतर गावे शनिवारी जो श्वास सोडतात तो हे गाव बुधवारी सोडते. बुधवारी संध्याकाळी न्हाव्याकडे गर्दी, मटणाच्या दुकानापुढे रांग, इस्त्रीवाल्याकडे भांडण. हे पुण्यातल्या माणसाला ठाऊक नसते. मी ज्या दैनिकात काम करीत होतो त्याच्या रविवार पुरवणीत त्या महिन्यात समुद्रकाठच्या एका शहरातील मद्यगृहांवर लेख आला होता: माडाच्या झावळ्यांचे छप्पर, खारा वारा, लाटांच्या साथीने चाललेले गाणे. मी संपादकांना म्हटले की असा लेख पिंपरी-चिंचवडचाही होऊ शकतो. ते हसले. म्हणाले, "अहो, तिथे संध्याकाळ होत नाही. शिफ्ट सुटते."

मला ते वाक्य मान्य नव्हते. समुद्र नाही म्हणून गावाला संध्याकाळ नसावी, असा नियम कुणी केलेला नाही. म्हणून मी तीन बुधवार हा पट्टा पालथा घातला. वाटाड्या होता दत्ता, त्याच औषध कारखान्यातला फिटर, माझ्या मामेभावाचा मित्र. जीभ चुरचुरीत आणि सायकल भंगार.

थेरगावच्या बाजूला नदीकाठी शिंदीची झाडे होती, आणि त्यांच्याखाली एक म्हातारा सकाळी नीरा विकी व संध्याकाळी तीच नीरा ताडी म्हणून विकी. मडके तेच, सावली तेवढी सरकलेली. पिंपरीच्या कॅम्पात, फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्यांच्या वस्तीत, निखाऱ्यावर भाजलेल्या पापडाचा वास गल्लीच्या तोंडाशीच माणसाला गाठी. चिंचवड स्टेशनापाशी देशी दारूचे सरकारमान्य दुकान होते. तिथे बसायची सोय नव्हती, माणसे उभ्यानेच ग्लास रिकामा करीत आणि बाहेरच्या गाडीवरचे उकडलेले अंडे मिठात बुडवून खात. तळवड्याच्या वाटेवर एका शेतकऱ्याने पेरूच्या बागेत पत्र्याची शेड टाकून मटण-भाकरी सुरू केली होती. तिथला रस्सा इतका जहाल की माणसे पितात कशासाठी आणि रडतात कशामुळे याचा भेद उरत नसे. आणि दूर चाकणला, कांद्याच्या ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर, खाटेवर पडून आकाश पाहणारे चालक आपापल्या मुलखातली गाणी एकमेकांच्या गाण्यावर गात. कांद्याचा उग्र दर्प त्या गाण्यांनाही चिकटलेला असे.

या सगळ्या ठिकाणी स्त्रिया होत्या. अंडी सोलणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, ग्लास विसळणाऱ्या. बसलेली एकही नव्हती.

बबनशेठची परमिट रूम या सर्वांत प्रतिष्ठित. बबनशेठ चिंचवड गावठाणातला. वडिलोपार्जित जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा मिळालेल्या मोबदल्यातून त्याने हे हॉटेल उभारले होते. पुढे मोकळा हॉल, खिडक्यांना लाल-हिरवे दिवे, भिंतीवर धबधब्याचे चित्र. मागे स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली, तिला हिरवा पडदा, आणि दारावर रंगवलेली अक्षरे: फॅमिली रूम. एखादा कारकून सपत्नीक आला की त्याला तिकडे नेत. पडद्यामागून चमच्यांचा आवाज येई, माणसांचा येत नसे.

या हॉलला त्या पट्ट्यात एक मान होता. कारखान्यांत कामगाराला आधी तात्पुरता घेत. काही महिने झाले की 'ब्रेक' देऊन घरी बसवत, म्हणजे त्याला कायम करण्याचा प्रश्न उद्भवत नसे. मग पुन्हा बोलावत. असे कित्येक ब्रेक सोसल्यावर ज्याला परमनंट असल्याचे पत्र मिळे तो आपल्या सबंध सेक्शनला पार्टी देई, आणि ती बबनशेठच्या हॉलमध्येच देई. ज्याची पार्टी तिथे झाली तो परमनंट झाला, मग पत्र कुणी पाहिलेले असो वा नसो. बायका परमनंट झाल्या तर पेढे वाटत.

कमल त्या कारखान्याच्या तपासणी विभागात होती. या विभागात बहुसंख्य बायका; पॅकिंगचे आणि दुरुस्तीचे पुरुष धरून सेक्शन एकच. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या एकेक करून दिव्यासमोर धरायच्या, मागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा फलक. औषधात तरंगणारा बारीकसा कण दिसला तर बाटली बाजूला काढायची. कमलचे वडील उस्मानाबादकडचे, ती लहान असताना एका दुष्काळात इकडे आले आणि ओतकाम करणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर राहिले. कमल चिंचवड स्टेशनजवळच्या वस्तीत वाढली. तिच्या घरी वैशाख पौर्णिमेला खीर होते, सगळी गल्ली जेवते, हे मला दत्ताने सांगितले. मार्चच्या चौथ्या आठवड्याच्या आरंभी तिला पत्र मिळाले. कँटीनमध्ये काय घडले, तेही दत्ताकडूनच कळले.

"पेढे आण की गं कमल," पॅकिंगचा एकजण म्हणाला. "पाव किलो आणलेस तरी चालतील."

"तू परमनंट झालास तेव्हा पेढे वाटलेस का रे भावा?"

"आमचं वेगळं."

"काय वेगळं? पत्र तेच, सही तीच. ब्रेक पण तुझ्याइतकेच खाल्ले. मग बुधवारी बबनशेठकडे. सगळ्या सेक्शननं यायचं. बायांनी पण."

ती पुढच्या कधीतरीच्या बुधवारची नव्हे, त्याच आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट बोलत होती, हे लोकांना उमगायलाही वेळ लागला, असे दत्ता म्हणाला.

त्या संध्याकाळी सेक्शनचे पुरुष आधी पोहोचले होते आणि मी दत्ताबरोबर त्यांच्याच टेबलाशी होतो. सहाजणी आल्या त्या घरी जाऊन, साड्या बदलून, अबोलीचे गजरे माळून. त्यांनी आमच्या टेबलाला आणखी दोन टेबले जोडली आणि बसल्या. हॉलमधले बोलणे पंख्याची कळ दाबावी तसे थांबले.

वेटरने पुरुषांपुढे पाणी ठेवले. बायकांपुढे ठेवले नाही. "बाई, फॅमिली रूम आत आहे," तो कमलला म्हणाला. "पंखा पण आहे."

"फॅमिली कुठाय? ही सगळी आमच्या सेक्शनची माणसं आहेत."

वेटर गल्ल्याकडे गेला आणि बबनशेठ आला. डोक्यावर पांढरी टोपी, हात जोडलेले, चेहऱ्यावर खरीखुरी अडचण. "ताई, तुमी आत बसा. आमी समदं तितंच देतो. चांगली सोय हाय."

"सोय ज्यांना हवी त्यांना द्या," कमल म्हणाली. "आम्ही इथं बऱ्या आहोत."

"आवो, हितं दारू पितायत लोकं."

"आमचेच आहेत ते. रोज बघतो त्यांना, न पिता पण असेच दिसतात."

कमलशेजारी बसलेली शालन तिच्याच विभागातली, अजून तात्पुरती. ती म्हणाली, "दारूला परमिट लागतं, शेठ. खुर्चीला पण लागतं का?"

मागच्या टेबलावर कुणी तरी हसले. बबनशेठचा चेहरा लाल झाला. "माज्या हाटेलाचं नाव जाईल. उद्या लोकं म्हनतील, बबनकडं बाया बसत्यात."

"म्हणू द्या. बसतात, जेवतात आणि बिल देतात, एवढं पण सांगायला सांगा."

आमच्या टेबलावरचा पॅकिंगवाला अस्वस्थ झाला होता. "कमल, जा ना आत. कशाला तमाशा करतेस, राव?"

"तमाशाला जाता तेव्हा पुढच्या रांगेत बसता ना?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मग बसा आणि बघा."

त्या क्षणी काय पणाला लागले होते हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होते. ती उठली असती तर पार्टी दोन झाल्या असत्या, एक हॉलमधली आणि एक पडद्यामागची. आणि शुक्रवारपर्यंत साऱ्या कारखान्याने एकच पार्टी लक्षात ठेवली असती, पुरुषांची. आवाज न चढवता कमल बोलली.

"शेठ, माझ्या बापानं गावात हॉटेलच्या बाहेर बसून चहा प्यायलाय. कप वेगळा, जागा वेगळी. तेव्हा पण लोक हेच म्हणायचे, सोय चांगली आहे. मी आत जाणार नाही."

बाहेरच्या सायकलींच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.  बबनशेठ मागे गेला आणि दोन पोऱ्यांकडून फॅमिली रूममधला लाकडी चौकटीचा, हिरव्या कापडाचा आडपडदा उचलून घेऊन आला. तो त्याने सहाजणींच्या भोवती उभा केला. त्या जाणार नसतील तर खोलीने त्यांच्याकडे यावे, असा हा तोडगा होता आणि तो त्याला मनापासून पटलेला दिसत होता.

कमलने आपली खुर्ची उचलली आणि पडद्याच्या अलीकडे आणून ठेवली. बाकीच्या पाचजणींनीही तेच केले. पोऱ्यांनी पडदा पुढे सरकवला. खुर्च्या पुन्हा बाहेर आल्या. तिसऱ्यांदा पडदा धबधब्याच्या चित्राला टेकला आणि पुढे जागा उरली नाही. कोपऱ्यातून एक ट्रकवाला ओरडला, "शेठ, खुर्च्या पळतायत, धरा त्यांना!" आता सगळा हॉल हसत होता, आणि त्या हसण्याची बाजू बदलली होती.

"शेठ," शालन म्हणाली, "लाज तुम्हाला वाटतेय, तर पडदा पण तुम्हीच घ्या."

तिने एक बाजू धरली, कमलने दुसरी. दोघींनी तो आडपडदा उचलून नेला आणि गल्ल्याभोवती उभा केला. बबनशेठ तेव्हा गल्ल्यामागे जाऊन बसला होता. हिरव्या कापडाच्या वर त्याच्या पांढऱ्या टोपीचे टोक तेवढे दिसत राहिले.

 आतून आवाज आला: "आन् आता गिऱ्हाइकाचं पैसं कुठनं घिऊ मी?" कुणाला तरी ठसका लागला. पडदा बाजूला झाला. बबनशेठ बाहेर आला, टोपी काढून त्याने कपाळ पुसले. "हासू नगा रं," तो हॉलला म्हणाला, आणि मग वेटरला: "बायांना पानी दे." कमलकडे वळून त्याने बोट वर केले. "आजच्या दिस."

"शालन पुढच्या महिन्यात परमनंट होतेय," कमल म्हणाली.

"मंग म्होरल्या म्हैन्यात बगू."

कोंबडीचा रस्सा आला, भाकऱ्या आल्या, लिंबूसोडा आला. शालनने दत्ताच्या हातातून बिअरचा ग्लास घेतला, खिडकीतल्या लाल दिव्यासमोर धरला, सवयीने एक डोळा बारीक केला आणि म्हणाली, "कण आहे. रिजेक्ट." तरीही एक घोट घेतला आणि तोंड असे वेडेवाकडे केले की सहाजणी हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. दिव्यांचा लाल-हिरवा प्रकाश त्यांच्या गजऱ्यांवर पडला होता आणि अबोली कधी अबोली दिसे, कधी आणखी कुठल्या तरी, नाव नसलेल्या फुलासारखी. नऊच्या सुमारास त्या उठल्या. जाताना त्यांनी खुर्च्या जागेवर लावून ठेवल्या.

मी लेख लिहून दिला. ताडी, पापड, रस्सा, कांद्याचे ट्रक, सारे त्यात होते. बबनशेठच्या हॉटेलवर चार ओळी होत्या, आणि त्यातले शेवटचे वाक्य असे होते: हॉलमध्ये स्त्रियाही बसतात. उपसंपादकाने त्याखाली रेघ मारली. "एकदा घडलं म्हणजे रीत झाली का? खात्री करा, नाही तर काढून टाका."

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेलो. सोबत दत्ता नव्हता. वारा पडला होता, आणि उन्हाने तापलेल्या रस्त्याची धग हॉटेलच्या पायरीपर्यंत येत होती. कमल त्या दिवशी तिथे नव्हती. तिच्या सेक्शनचेही कुणी नव्हते. बबनशेठ गल्ल्यावर होता. त्याने मला ओळखले.

मधल्या एका टेबलाशी, दाराकडे तोंड करून, दोन स्त्रिया बसल्या होत्या. त्यांच्या अंगावर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचे निळे एप्रन होते. वेटर त्यांना विचारीत होता, भाकरी की चपाती.