तांब्याभर पाण्याची काठी

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मी धुळ्याला नोकरीत होते. रजा टाकून जळगावला आले. मला रडू आलं नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी मी चहा टाकत राहायचे, आणि साखर घातली की नाही तेही आठवायचं नाही. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं.

काही महिन्यांनी नाना चालू लागले, हातही वर जाऊ लागला. त्यांनी एकच धोशा लावला, "मेहरूणले जासू. मरळ धरसू."

मरळ हा दांडगट मासा, आणि त्यांची जुनी गळाची काठी भरीव बांबूची. ती आता पेलणार नव्हती. नवी निवडायची नानांची रीत ठरलेली होती. टोकाला पाण्यानं भरलेला तांब्या टांगायचा आणि काठी एका हातानं उचलायची. टोक वाकावं, पण मनगट थरथरू नये. फार हलकी काठी मासा मोडतो, फार जड काठी हात मोडते.

बुरुडाकडून मी काठ्या आणत राहिले. मनगट थरथरायचं. आई हळूच तांब्यातलं पाणी ओतून टाकायची, तर नाना लगेच म्हणायचे, "पानी कमी शे." शेवटी एक बारीक, चिवट काठी मिळाली. भरला तांब्या उचलला आणि मनगट हललं नाही. आईनं पदरानं डोळे पुसले. मलाही बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

रविवारी सकाळी मी त्यांना मेहरूणच्या तलावावर नेलं. थोड्या वेळानं दोरीवरचं तरंगतं बूच बुडालं. काठीचं टोक पाण्याकडे वाकलं. नाना पलीकडच्या काठाकडे बघत होते. मरळीला गळ गिळू द्यावा लागतो, म्हणून थांबले असतील, असं मला वाटलं. मग दोरी सैल पडली.

"नाना, ओढलं का नाही?"

"कधी?" त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "माले समजनंच नही."

इतके दिवस आम्ही घरभर वजन तोलत बसलो होतो. हातात जोर आला होता, स्पर्श कळत नव्हता. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नानांनी बोटं चिमटून पाहिली, पुन्हा पाहिली. चेहरा असा पडला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग त्यांनी काठी माझ्याकडे दिली. "तू धर. मासा काय करस ते माले सांगत ऱ्हाय."

बराच वेळ काही झालं नाही. मग तळव्याला बारीक धक्का बसला.

"आला, नाना. टोचतोय. सोडलं. परत आला."

नानांनी डोळे मिटले होते. मी रडत होते, नानांवरून वारं गेलं त्या दिवसापासून पहिल्यांदा, आणि सांगत होते. "आता जोरात. डावीकडे नेतोय."

"आते ओढ," नाना म्हणाले.

मी ओढली नाही. मला अजून थोडं सांगायचं होतं.