कापलेला कोपरा आणि आप्पांची चटणी

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या सख्ख्या सासऱ्यांना, मी पोस्टानं मारलं. आप्पा अजून ठणठणीत आहेत हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हीही भाकऱ्या बांधून निघाल.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर तासगावजवळचं. मला घरी डंक टाकायचा होता. (डंक म्हणजे चटणीच्या मिरच्या कुटणारं यंत्र. ते सुरू झालं की शेजारच्या गल्लीतल्या भिंतीवरची घड्याळंसुद्धा पडतात.) जागा एकच होती, गोठ्याची. पण गोठा आप्पांचा, गोठ्यातली चंद्री म्हैस आप्पांची, आणि आप्पांची माया सुनेपेक्षा चंद्रीवर किंचित जास्त. (किंचित हे मी आपलं लाजेखातर म्हणते.)

आप्पा फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी हुकूमच सोडला, "गोठा घे. पर अक्षय तृतीयेपातूर गिऱ्हाईक लागलं न्हाई, तर डंक भाईर आन् म्हस आत! कबूल?"

"कबूल!" म्हणाले मी. चंद्री चिंचेखाली गेली, डंक गोठ्यात आला, आणि गिऱ्हाईक काही येईना! सगळा गाव बाजारातल्या जुन्या डंकावर जायचा. माझ्याकडे आली ती एकच म्हातारी, तीसुद्धा मिक्सर दुरुस्त होतो का विचारायला. तिकडे आप्पा रोज चंद्रीच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचे, "थोडी कळ काढ गं बाई."

तेवढ्यात सांगलीला बचत गटाचं शिबिर झालं. तिथं एका बाईंनी सांगितलं, "मोबाईलवरचे मेसेज कुणी वाचत नाही. पोस्टकार्ड पाठवा! आजकाल पोस्टकार्ड आलं की माणूस दचकतंच!" मी टाळ्या वाजवल्या. बाई खरं बोलत होत्या, हे मला नंतर कळलं.

घरी येऊन नवऱ्याला, विलासला, बेत सांगितला. आमच्या लग्नपत्रिका जिथं जिथं गेल्या, त्या सगळ्या पाव्हण्यांना कार्ड टाकायचं. भागात आप्पांच्या शब्दाला वजन, म्हणून कार्डावर आप्पांचाच फोटो. आप्पांना मात्र सांगायचं नाही, एकदम गिऱ्हाईकच दारात उभं करायचं! फोटो फौजेतला मिळाला, कपाळाला आठ्या असलेला. प्रेसवाल्यानं स्वतःच्या बुद्धीनं भोवती झेंडूच्या फुलांची महिरप टाकली. खाली माझी ओळ होती : 'आप्पांची आठवण येईल अशी चटणी!' (ही ओळ सुचली तेव्हा मी विलासला पेढा दिला होता.)

कार्डं छापून आली आणि बघते तर काय, कोपऱ्यातला फोन नंबर चुकलेला! प्रेसवाला म्हणाला, "सही तुमीच केली हाय वहिनी." आता एवढी कार्डं चुलीत घालायची? मी साताऱ्याची, काटकसरी. कात्री घेतली आणि बसल्या बैठकीला सगळ्या कार्डांचे कोपरे उडवले!

"आगं, पण आता नंबरच न्हाई की कार्डावर," विलास म्हणाला.

"मग रे?"

"बरंच झालं म्हणा. फोन केला की माणूस टाळतंय. नंबर नसला तर सोता येतील!"

या घरात अडवणारं एकच शहाणं माणूस होतं, माझ्या सासूबाई, आणि त्या नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या. कार्डं पेटीत पडली.

आणि पाव्हणे स्वतः आले हो!

त्या दिवशी मी नमुन्याची चटणी कुटायला काढली होती. मिरच्या तेलात परतल्या, डंक सुरू केला, आणि असा ठसका उठला की चिंचेवरचे कावळे उडाले. माझे डोळे लाल, विलासचं नाक वाहतंय. आप्पांना म्हटलं, देवळात जाऊन बसा. पण फौजी माणूस मोर्चा सोडतोय होय? त्यांनी नाकात कापूस घातला, कानात कापूस घातला, अंगणातल्या बाजेवर उताणे पडले, आणि पांढरं धोतर पांघरूण म्हणून गळ्यापर्यंत ओढून गाढ झोपले.

एवढ्यात दारात जीप थांबली. कुंडलच्या आत्या उतरल्या. आप्पांची ही धाकटी बहीण. त्यांच्यामागून सगळं कुंडल उतरलं म्हणा ना! बायकांच्या डोक्यावर पदर, हातात भाकरीच्या पाट्या. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं! मी हसत पुढं झाले, आणि आत्यांनी बाजेकडं बघून टाहो फोडला.

"माज्या दादा रंऽऽ! आता दिवाळीला मला साडी कोन नेसवल रंऽऽ!"

मी सांगायला गेले, "आत्या, आप्पा... आप्पा..." आणि ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत्यांनी मला पोटाशी धरलं. "रडू नगं पोरी! किती गं माया तुजी!"

"न्हाई वो आत्या, आप्पा तर..." पुन्हा ठसका! विलास धावत आला, तर त्याच्या तोंडातून शब्दच फुटेना, नुसताच नाक पुसत उभा. आत्या त्याच्यावर घसरल्या, "सख्ख्या भनीला पोस्टानं कळवतुस व्हय रं? फोन मोडला हुता का?"

आप्पांच्या कानात कापूस. त्यांची झोप काडीभरही हलली नाही.

तेवढ्यात वाईचे सुभेदार आले. आप्पांचे पलटणीतले जिवलग दोस्त. छातीवर मेडलं, हातात हार. गर्दी बाजूला झाली. सुभेदार बाजेच्या पायथ्याशी टाचा जुळवून उभे राहिले, आणि डंकाच्या वर आवाज काढून ओरडले, "साऽऽवधान!"

आप्पा ताडकन उठले! धोतर एकीकडं, टोपी दुसरीकडं, नाकात कापूस तसाच, आणि सुभेदारांना कडक सॅल्यूट!

अंगणात जो पळापळीचा कल्लोळ झाला तो काय सांगू! आत्या बेशुद्ध पडायला गेल्या, पण मागं पाटीत भाकऱ्या बघून सावरल्या. सुभेदार तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी हार खाली ठेवला आणि विचारलं, "गड्या, मेलास कवा आन् उटलास कवा?"

आप्पांनी कानातला कापूस काढला. "कोन मेलं? मला कुनी सांगत कसं न्हाई?"

मी धावत जाऊन डंक बंद केला. मग सगळा उलगडा झाला. आत्या म्हणाल्या, "आगं शिकलेली तू, कोपरा कापल्यालं कार्ड मयताचं असतंय, ठावं न्हाई व्हय? त्ये कुनी घरात घेतंय का वाचत बसतंय? फोटू बघितला, उंबऱ्याभाईरच फाडलं, डोक्यावरनं पानी घेतलं आन् निघालो!"

माझी ती ओळ, जिच्यासाठी पेढा गेला, ती कुण्णी वाचली नव्हती! आप्पा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी चंद्रीकडं बघितलं. मी मनातल्या मनात डंकाचे नटबोल्ट काढायला घेतले.

आता प्रश्न भाकऱ्यांचा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पाव्हण्यांनी पाट्या भरून पिठलं-भाकरी आणलेली. "ह्यो कडू घास माघारी न्यायचा नसतोय," आत्या म्हणाल्या. "आन् जित्या मानसाच्या दारात खायाचा तरी कसा?"

पंचाईत! शेवटी सुभेदारच म्हणाले, "सूनबाई, ती ताजी चटनी आना. चटनी पडली की कडू घास कडू ऱ्हातोय व्हय?"

पंगत बसली. चटणी, वर तेल, हातानं फोडलेला कांदा. डोळ्यांतून पाणी पुन्हा वाहायला लागलं, पण या वेळी कुणी 'हाय हाय' करेना, सगळे 'हाय का अजून?' म्हणत होते! आत्यांनी वर्षाची चटणी तिथंच सांगितली. जीपवाल्यानं सांगितली. सुभेदारांनी वाईतल्या आपल्या सबंध आळीची चटणी अंगावर घेतली. मला रडू आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

आप्पा हात धुऊन उठले, चिंचेखाली गेले आणि चंद्रीला म्हणाले, "बाई गं, तुजा गोठा गेला. माज्या मयतात गेला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आता मला पत्रा घालून दे म्हनतीया ती. हितंच, चिंचंखाली."

आता डंकाला उसंत नाही. चटणीचं नाव मी 'रुचिसंगम' ठेवलंय, पाटीसुद्धा रंगवून घेतली, पण आख्ख्या भागात ते नाव मला एकटीलाच पाठ आहे. सासूबाईंनी घरातली कात्री कुलपात ठेवली आहे. मी गोठ्यात असते तेव्हा फोन आप्पाच उचलतात. परवा पलीकडून कुणीतरी विचारलं, "ती मयताची चटनी मिळती त्ये हेच घर का?"

"व्हय," आप्पा म्हणाले, "मयतच बोलतोय. किती किलो देऊ?"