डाव्या पंखाची शिवण

हे मी निखिललाही सांगितलेलं नाही. आमच्यात लपवण्यासारखं काहीच नाही, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो, आणि मी मान डोलावते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

शॉमबर्गला आलो तेव्हा माझा डिपेंडंट व्हिसा होता, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. नागपुरात मी मुलींना शिवणकाम शिकवायचे. इथे नुसती निखिलची बायको. चकल्या छान करते, एवढीच काय ती ख्याती. अशात कळलं की जवळच्या एका छोट्या विमानतळावर काही म्हातारी मंडळी जुनं विमान दुरुस्त करताहेत, आणि त्यांना शिवणारे हात हवेत. शिवणारे! मी दुसऱ्याच दिवशी गेले.

पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षांनी बांधलेलं विमान ते — एकावर एक दोन पंख, लाकडाचा सांगाडा, वर ताणलेलं कापड. आधी त्यानं टपाल वाहिलं, मग जत्रांमधून शेतकऱ्यांना आकाश दाखवलं, आणि शेवटी त्या म्हाताऱ्या मंडळींतल्या हॅरल्डच्या वडिलांच्या धान्याच्या कोठारात सुटं होऊन पडलं. हॅरल्ड पंचाहत्तरीचे. मी मनात त्यांना काकाच म्हणायचे. वडिलांचं विमान एकदा उडवायचं, एवढाच त्यांचा ध्यास होता.

पंखाचं कापड आतल्या लाकडी फासळ्यांना हातानंच शिवतात — लांब सुई, मेण लावलेला दोरा, टाक्याटाक्याला गाठ. माझे टाके बघायला माणसं यायची. डावा पंख हिचा, असं काका येईल त्याला सांगायचे. मला ते किती आवडायचं! इतकं आवडायला नको होतं.

पंखाच्या खालच्या बाजूला, विमान कलतं-सरळ करणाऱ्या आतल्या केबल तपासायला, तळहाताएवढं भोक ठेवलेलं असतं. त्यातून हात घालून मी एक दोरा कापत होते — आणि कात्री सुटली. दोरे तोडायची, बोटभर. खूप चाचपलं. सापडेना. सांगितलं असतं तर कापड फाडून काढावं लागलं असतं. सगळी शिवण पुन्हा. आणि लोक काय म्हणाले असते — हिला साधी कात्री सांभाळता येत नाही? उद्या सांगू, असं म्हणून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून पंख उचलला आणि आत काहीतरी खुळखुळलं. काका थांबले. काही वाजलं का, त्यांनी मलाच विचारलं.

काकांना कानाचं मशीन होतं. मी काय करावं? मी हसले. "हॅरल्ड, चेक युअर बॅटरीज!" म्हणाले. सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं काका. मशीन काढून त्यांनी त्यावर टिचकी मारली आणि पंख पुढे न्यायला सांगितला.

पुन्हा आवाज आला नाही. कुठेतरी घट्ट अडकली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. नको तिथे अडकली असेल तर — हा विचार आला नाही? आला. रोज आला. मी मूग गिळून बसले.

पहिल्या उड्डाणाला मराठी मंडळातली निम्मी कुटुंबं मीच बोलावली होती. माझा पंख बघायला. विमान उठलं, टाळ्या पडल्या. "वहिनी, कमाल केलीत यार!" असं कुणीतरी मागून म्हणालं. मग विमान डावीकडे कललं — आणि कलतच गेलं. सरळ झालंच नाही. पलीकडच्या मक्याच्या शेतात पडलं. लाकूड आणि कापड, जळायला कितीसा वेळ लागतो? काका आतच राहिले.

कात्रीमुळेच झालं का? मला माहीत नाही. ज्यांना शोधता आलं असतं, त्यांना मी शोधू दिलं नाही. चौकशीला आलेल्या माणसानं विचारलं, काही वेगळं जाणवलं होतं का? मी नाही म्हणाले. तिथे थांबायचं होतं — पण नाही थांबले. काकांना हल्ली नीट ऐकू येत नव्हतं, असंही म्हणाले. कुणी विचारलं नसताना.

अहवालात वैमानिकाचं वय आलं, त्याचे कान आले, आणि बहुधा त्याचीच चूक असावी, असं आलं. म्हाताऱ्यानं हट्टापायी जीव घालवला, असं विमानतळावरची त्यांचीच मित्रमंडळी बोलायला लागली. मी ऐकत राहिले. कुणाला अडवलं नाही.

अहवालानंतर काकांची मुलगी कॅरल माझ्या घरी आली. मी चहा केला, तो तिनं घेतला नाही. बाबांनी या वयात उडायलाच नको होतं, म्हणाली, आम्ही सांगून थकलो होतो. मग तिनं माझे दोन्ही हात हातात धरले, आणि ती रडायला लागली. तू इतक्या मेहनतीनं शिवलेलं सगळं त्यांनी जाळून टाकलं, त्यांच्या वतीनं मी तुझी माफी मागते — असं म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला.

"इट्स ओके, कॅरल," मी म्हणाले. "मी त्यांना केव्हाच माफ केलंय."