पहिल्या दिवसाचे गुलाब

नोकरीला नव्याने लागलेल्या शिक्षिका मला हमखास विचारतात, "मॅडम, शाळा सुरू होताना पहिल्या दिवशी काय करावं?" माझं डोकंच फिरतं. पहिल्या दिवसाबद्दलचे सल्ले ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

दोन हजार सालच्या आसपास उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला तीन दिवस प्रशिक्षणाला बसवलं होतं. पंखे बंद, चहा गार, आणि व्यासपीठावर साहेब. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत करा, म्हणाले. त्या हॉलमध्ये नाशिकमधल्या कितीतरी शाळांचे शिक्षक होते. सगळ्यांनी मुकाट लिहून घेतलं. मीही.

आमची शाळा गंगापूर रोडच्या टोकाला, मळ्यांना लागून. पहिल्या दिवशी मी पाचवीच्या दारात टोपली घेऊन उभी. आधी फुलं वाटली, मग पुस्तकं. पुस्तकांचे संच दरवर्षीसारखे कमीच आलेले. मुख्याध्यापक म्हणाले, "हजर आहेत त्यांना देऊन टाका. गैरहजर राहणाऱ्यांना जरा कळू दे." मला ते पटलंसुद्धा. चौथीत पहिली आलेली एक मुलगी तेवढी आली नव्हती. तिचा संच मी नव्याने नाव घातलेल्या मुलीला दिला.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर फैलावर घेतलं. "पहिल्याच दिवशी दांडी? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, आमचा गुलाबाचा मळा हाय. सगळ्या शाळांना कालच फुलं पाहिजे व्हती. आई एकटी किती तोडणार? आपल्या शाळेची टोपली मीच भरली."

तिच्या बोटांवर काट्यांचे ओरखडे होते. मला साहेबांचा राग आला, मुख्याध्यापकांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला. टेबलावर कालचं एक फूल उरलं होतं. दुसरं काही सुचेना म्हणून मी तेच तिच्यापुढे धरलं. काय हा मूर्खपणा!

तिने ते घेतलं नाही. "फूल नको बाई. पुस्तकं उरलीत का?"

दिवाळीपर्यंत ती शेजारणीच्या पुस्तकात डोकावून शिकली.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी एकच सांगते. फुलं वाटा, फुगे लावा, काय हवं ते करा. पण जे मूल आलं नाही, त्याची पुस्तकं आधी कपाटात ठेवा आणि कुलूप लावा.