अर्जावरची पहिली सही

आमच्या घरी बुधवारी संध्याकाळी पाच वाजता प्रार्थना असते. गेली अठ्ठावीस वर्षं. जमाव म्हणाल तर आठ बायका. त्यातल्या तिघींचे गुडघे गेलेले, एकीला ऐकू येत नाही आणि एक शास्त्रवाचन सुरू झालं की झोपते. एवढ्या फौजेच्या जोरावर आम्ही देशाचं काहीतरी वाकडं करणार आहोत, असं हल्ली काही लोकांना वाटायला लागलंय. म्हणून आकडा आधीच सांगून टाकला.

मी निवृत्त नर्स. गल्लीत मला सगळे सिस्टर म्हणतात, कारण निम्म्या गल्लीला मी कधी ना कधी इंजेक्शन टोचलेलं आहे. आमचे मिस्टर शिक्षक होते, ते जाऊन अकरा वर्षं झाली. खाली मी राहते, वरच्या मजल्यावर मुलगा, सून आणि नात. सून वर आणि मी खाली ही देवाची योजना आहे, आणि ती दोघींनाही मान्य आहे.

प्रार्थनेची पद्धत ठरलेली. आधी एक गीत, मग वाचन, मग विषय. विषय म्हणजे कुणासाठी काय मागायचं ते प्रत्येकीने सांगायचं. बाहेरच्यांना यात भक्ती दिसते. आतली गोष्ट अशी की कोल्हापुरातल्या आमच्या समाजाच्या सगळ्या बातम्या याच अर्ध्या तासात कळतात. चहाडी करणं पाप आहे, पण “अमक्याच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, तिच्यासाठी प्रार्थना करूया” हे पाप नाही. मी स्वतःही काही कमी नाही. “प्रभू, आमच्या सुनेला सकाळी सातच्या आत जाग यावी अशी तुझी इच्छा असेल तर तसं कर,” असं मी डोळे मिटून मोठ्याने म्हटलेलं आहे. वर लगेच भांडी आदळली. देवाशी बोलत असताना मधे कुणी उलटून बोलत नाही, ही फार मोठी सोय आहे.

या आठ जणींत एक आमची नव्हे. ती समोरची शेजारीण. घर शेतकऱ्याचं, देव्हाऱ्यात जोतिबा, भिंतीवर अंबाबाई. बुधवार सुरू झाला त्याच वर्षी तिचा नवरा आजारी होता, तेव्हा मी रोज सलाईन लावायला जात असे. तो गेला, आणि पुढच्या बुधवारी ती येऊन बसली ती बसलीच. मी तिला कधी ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. “रविवारी जोतिबा, शुक्रवारी अंबाबाई. बुधवार मोकळाच असतोय की,” एवढंच तिचं तत्त्वज्ञान. आमची गीतं ती आमच्यापेक्षा मोठ्याने आणि भलत्याच चालीत म्हणते. दिवाळीला तिचं ताट येतं, नाताळला माझं जातं, आणि माझ्या करंज्यांत सारण कमी असतं हे ती गल्लीभर सांगते.

धर्मांतर म्हणाल तर ते माझ्या आजेसासऱ्यांनी केलं होतं, मलकापूरकडे. का केलं हे विचारायला तेव्हा गावातलं कुणी आलं नाही. त्यांना विहिरीवर येऊ देत नव्हते, त्यामुळे विचारायला जवळ जाणार कोण? आता इतक्या वर्षांनी चौकशी करायची हौस असेल तर अर्ज त्यांच्या नावाने द्यावा. ते दफनभूमीत आहेत, पळून जाणार नाहीत.

राजकारणाचं मला काडीचं कौतुक नाही. मिस्टर होते तोवर आमचं मत ठरलेलं असायचं. ते सांगायचे तो पक्ष, मी हो म्हणायचे, आणि आत जाऊन मला हवं ते बटण दाबून यायचे. हल्ली निवडणूक नाताळच्या आसपास आली की सगळ्या पक्षांना प्रभूचं प्रेम अनावर होतं. एक उमेदवार मागे चर्चमध्ये येऊन “येशू महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त” शुभेच्छा देऊन गेला. तो नाताळ होता. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आमचे लोकही तसेच. चर्चच्या पंचकमिटीची निवडणूक एकदा बघा, मग महापालिकेची सत्संगासारखी वाटते.

तर या सगळ्यात माझा मुलगा शिरला. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तो सुपरवायझर आहे. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून पोट भरलं नाही म्हणून की काय, तीन वर्षांपूर्वी त्याने एका पक्षाचा गमछा गळ्यात घातला. त्या पक्षातले काही वक्ते आमच्याबद्दल काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही, मला बीपी आहे.

“आई, ते आपल्याबद्दल नसतं,” तो म्हणायचा. “बाहेरून येऊन जे करतात त्यांच्याबद्दल असतं.”

मी म्हटलं, “आमच्या बुधवारला एक जण कसबा बावड्याहून येते. ते बाहेरच धरतोस का?”

बावडा कोल्हापुरातच आहे. तो हसला. हसतो फार छान. हेही लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मुलगा नालायक आहे. तसा तो अजिबात नाही. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दीड महिना त्याने मला उचलून बाथरूमला नेलंय. कॉलेजात असताना याच खोलीत बुधवारी तो हार्मोनियम वाजवायचा. माझा त्याच्यावर फार जीव आहे, आणि तो मी त्याला कधी दाखवलेला नाही, कारण आमच्या घरात ती पद्धत नाही.

महापालिकेची निवडणूक लागली. पक्षाने त्याला वॉर्डात कुठलंसं पद द्यायचं कबूल केलं होतं, आणि तो हवेत होता. त्याच सुमाराच्या एका बुधवारी गीत झालं, वाचन झालं, विषय सुरू झाले. एकीची शुगर, एकीच्या नातवाचा व्हिसा. मग शेजारीण म्हणाली, “माझा एक विषय हाय.”

अठ्ठावीस वर्षांत तिने कधी विषय दिला नव्हता. आम्ही सगळ्या कौतुकाने पुढे सरकलो.

“पोलिसात अर्ज गेलाय म्हणं गल्लीचा. हितं धर्म बदलून घेत्यात म्हणून. त्येच्यावर मी सही केली हाय. मला काय व्हणार न्हाय न्हवं? तेवढं सांग तुझ्या देवाला.”

जिला ऐकू येत नाही तिलासुद्धा हे ऐकू आलं. झोपलेली जागी झाली.

“अगं, तू सही केलीस?” मी म्हटलं. “तू तर इथंच बसतेस की.”

“तुझा ल्योक आलता कागद घिऊन. म्हटलं, सिस्टरचंच काय काम आसंल. पयली सही त्येचीच हुती, मग त्येच्याखाली मी केली. वाचाय चष्मा कुठं हुता?”

तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. तिने माझ्या घराविरुद्ध सही केली ती माझ्यावरच्या विश्वासाने. असला घोळ आमच्या गल्लीतच होऊ शकतो. मी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली, पण शुगर आणि व्हिसा झाल्यावर तिसरा विषय गाळला. शेवटी मी आमेन म्हटलं. चहा न घेता सगळ्या उठल्या. आमच्या बायका चहा न घेता उठतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मुलगा कामावरून आला. मी त्याला खाली जेवायला बोलावलं, ताट वाढलं, आणि विचारलं.

त्याने लपवलं नाही. “प्रत्येक वॉर्डातून अर्ज द्यायचे होते. आमच्या वॉर्डाचं मला सांगितलं. आपल्या घराचं नाव नाही त्यात, फक्त गल्लीचं आहे.”

“गल्लीत दुसरी कुठली प्रार्थना आहे?”

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, “आई, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मलाच विचारलं असतं, तुझ्या घरात बुधवारी काय चालतं म्हणून. सही केली म्हणून आपण सुटलो. आता निवडणूक होईपर्यंत बुधवार बंद ठेव. नाहीतर चर्चमध्ये घ्या.”

“वा,” मी म्हटलं. “म्हणजे मला वाचवायला तू माझ्याविरुद्ध अर्ज केलास. असा गुणी मुलगा नवस बोलूनही मिळायचा नाही, आणि आमच्यात तर नवसही चालत नाहीत.”

तो अर्धं ताट टाकून वर गेला. सून खाली आली आणि ताट घेऊन गेली. तिने भांडी आदळली नाहीत, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

मी आठवडाभर विचार केला. बुधवार चालू ठेवला तर मुलगा पक्षात तोंडघशी पडणार, पद जाणार, आणि कदाचित तो माझ्याशी बोलणं टाकणार. बंद ठेवला तर अर्ज खरा ठरणार. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, प्रार्थना करा. नेमकी तीच करावी की नको हे विचारायला मी गेले होते.

बुधवार मी चालू ठेवला. आठातल्या चौघी आल्या. बाकीच्यांना एकाएकी पाहुणे आले होते, एकीला तर गगनबावड्याहून, जिथे तिचं कुणी नाही. शेजारीण मात्र वेळेआधी आली. गीताचं दुसरं कडवं चालू असताना दारात हवालदार उभा राहिला. तरुण होता, बाहेर बूट काढून आत आला, हे मला आवडलं.

“आज्जी, अर्ज आलाय. चौकशी करायला लागती,” तो ओशाळून म्हणाला.

“कर की. बस आधी.”

त्याने एकेकीला विचारलं. शेजारणीचं नाव ऐकून त्याने कागद बघितला, मग तिच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. “मावशी, तुमची तर अर्जावर सही आहे. तुमचं धर्मांतर केलं का यांनी?”

“माझं?” ती म्हणाली. “आठ्ठावीस वर्सं झाली, हिला माझ्या चहात साखर वाढवाय जमलं न्हाय. ही माझा धर्म काय बदलतीया?”

हवालदार हसू दाबत लिहायला लागला. मग त्याने पहिल्या सहीचं नाव वाचलं. “हे कुठं राहतात?”

मी म्हटलं, “वर.”

त्याने छताकडे बघितलं. त्या आठवड्यात मुलाची रात्रपाळी होती, म्हणून तो घरीच होता. हाक मारल्यावर आला. खोलीत न येता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला.

“सही तुमची?”

“हो.”

“हे घर कुणाचं?”

“आईचं.”

“मग इथं धर्मांतर चालतं का? तुम्हीच सांगा.”

आम्ही पाच जणी त्याच्याकडे बघत होतो. नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते की त्याला पद नको, काही नको, फक्त हे एवढं म्हणू दे. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “मी कामावर असतो.”

आणि वर गेला.

शेजारीण म्हणाली, “आता ह्येला काय झालं?” हवालदाराने मुलाचं उत्तर लिहून घेतलं, चहा प्याला, साखर खरंच कमी आहे म्हणाला, आणि “चालू द्या आज्जी, फक्त माईक लावू नका,” असं बजावून गेला. पाच बायकांना माईक. म्हणजे बघा, सगळ्यांचं समाधान झालं. पोलिसांची चौकशी झाली, पक्षाचा अर्ज शाबूत राहिला, मुलाचं पद वाचलं आणि माझा बुधवारही वाचला. असा निकाल कोर्टातसुद्धा लागत नाही.

सगळ्या गेल्यावर मी कप विसळत होते. मुलाला कसं फैलावर घ्यायचं याची वाक्यं मनात जुळवत होते, आणि चांगली जुळत होती. मधेच त्याचा तो पांढरा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि मला आठवलं की हा चेहरा मी आधी पाहिलेला आहे.

तो तेव्हा तिसरीत होता. शाळेत मुलांनी त्याला घेरलं होतं. तुम्ही घरात काय खाता, तुमचा देव कुठला, इथले आहात की नाही. शर्ट फाटलेला, गुडघा सोललेला. मी जखम धुतली, औषध लावलं, आणि त्याला समोर उभं करून शिकवलं, “कुणी काही विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही. आणि तिथून निघायचं. वाद घालायचा नाही.” तीन वेळा म्हणवून घेतलं. नीट म्हटलं म्हणून पाठीवर थाप मारली. मिस्टर घरी आल्यावर त्यांना अभिमानाने सांगितलं की पोरगा समजूतदार आहे.

एकही पाढा कधी धड पाठ न झालेल्या मुलाने हे एक मात्र बिनचूक पाठ केलं होतं.

मी हात पुसले आणि कठडा धरून जिना चढले. खुबा मोडल्यापासून मी वर गेले नव्हते. तो पाळीला निघायच्या तयारीत होता, खाली बसून बूट बांधत होता. मला बघून दचकला. सून दारातून बाजूला झाली.

मी म्हटलं, “चुकलं रे माझं.”

त्याने मान वर केली नाही. “आई, आता टोमणे नकोत. जे बोलायचं ते सरळ बोल.”

चव्वेचाळीस वर्षांत मी त्याच्याशी एवढं सरळ कधी बोलले नव्हते. तेच पुन्हा कसं म्हणायचं ते मला कळेना. त्याने दुसरा बूट बांधला, डबा घेतला, “हळू उतर,” म्हणाला, आणि कामावर गेला.