सरांच्या खणात वाजणारा फोन

तेव्हा मी बारावीत होते. तिवशाहून रोज एसटीनं अमरावतीला क्लासला जायची. बाबा रोजानं लोकांच्या कपाशीवर फवारणी करत. एकदा संध्याकाळी त्यांना गरगरलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पंप घेऊन निघाले. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत. मी फोटो काढून, तो मोठा करून औषधाचं प्रमाण वाचून दाखवलं. निघताना आईला म्हटलं, "काही झालं तर मले लगेच फोन लाव."

म्हणून फिजिक्सच्या तासाला फोन मांडीवर होता. सरांनी ते पाहिलं.

"फोनच पाहाचा होता तं क्लासले आली कावून? आण इकडे."

कारण सांगणार होते, पण सगळा वर्ग हसला. मी फोन दिला. त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला.

थोड्या वेळानं खण घुरघुरू लागला. थांबला. पुन्हा घुरघुरला. सरांनी माझ्याकडे डोळे वटारले. तिसऱ्या खेपेला मला फळ्यावरचं काही दिसेना. सरांची भीती होतीच, पण त्याहून जास्त तो फोन उचलायची. कितव्यांदा वाजला कुणास ठाऊक, मी उठले आणि सरळ जाऊन खण उघडला.

"ए, काय करून राहिली?" सर ओरडले.

पलीकडे आई रडत होती. "बाबा वावराच्या धुऱ्यावर पडले. तोंडाले फेस आला. तिवशाच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर औषधाचं नाव विचारून राहिले, बाटली वावरातच राहिली. तुयाजवळ फोटो हाये ना?"

आई काय म्हणाली ते सरांना सांगत फोटो उघडला, पण नाव वाचताना दोनदा चुकले. सरांनी हातातून फोन घेतला. आईनं तिकडे डॉक्टरांकडे फोन दिल्यावर त्यांना एकेक अक्षर सांगून नाव वाचून दाखवलं. मग मला गाडीवर मागं बसवून तिवशाकडे निघाले.

वाटेत फोन पुन्हा वाजला.

"उचल."

"नाही सर. तुमी घ्या."

त्यांनी गाडी थांबवून घेतला. ते ऐकत होते तेवढा वेळ मी रस्त्याकडे पाहत होते.

"जिते हायेत," ते म्हणाले. "अमरावतीलेच आणून राहिले."

आम्ही मागं वळलो.

बाबा नऊ दिवसांनी घरी आले. हात मात्र कापतच राहिले. पंप त्यांनी पुन्हा उचलला नाही.